डीएम४२ वर डीबी४८एक्स: सात महिन्यांच्या वापरानंतर

स्विसमायक्रोज कंपनीचा डीएम४२ हा कॅल्क्युलेटर माझ्याकडे आधीपासून होता. तो १९८८ च्या एचपी-४२एस या कॅल्क्युलेटरच्या घराण्यातला. आकडेमोडीला पक्का, पण ज्याची किंमत ठरलेली नाही अशा अक्षरावर तो अडतो. त्याच यंत्रात सात महिन्यांपूर्वी डीबी४८एक्स हे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारी आतली प्रणाली, टाकलं. क्रिस्तोफ द दिनशँ यांचा हा मुक्तस्रोत प्रकल्प एचपी-४८ या कॅल्क्युलेटरची आरपीएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्याने उभी करतो. हातात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरवर बीजगणित १९८७ साली एचपी-२८सीने आणलं, त्या परंपरेतलं हे काम आहे.

टाकायला वेळ लागत नाही. यूएसबीने जोडल्यावर यंत्र पेनड्राइव्हसारखं दिसतं. फाइल कॉपी करायची आणि मेनूतून लोड करायची.

माझं काम सर्किटचं, म्हणून पहिली कसोटी समांतर जोडलेल्या दोन रोधांची घेतली. अ आणि ब हे दोन रोध, स हा त्यांचा एकत्रित रोध; पुस्तकात सूत्र असतं स = अब/(अ+ब). यातून ‘अ’ काढायचा तर तो दोन ठिकाणी बसलेला. हेच सूत्र १/स = १/अ + १/ब असं लिहिलं की ‘अ’ एकदाच येतो. ‘आयसोलेट’ ही आज्ञा उलट्या क्रिया लावत अज्ञात राशी एकटी पाडते, त्यामुळे मी आता कुठलंही समीकरण अज्ञात एकदाच येईल असं मांडूनच देतो. मग स = २० आणि ब = ३० घालायचे. इथे अपूर्णांक अपूर्णांकच राहतात, म्हणून १/२० − १/३० म्हणजे नेमके १/६०, आणि ‘अ’ बरोबर ६०. दशांशात १/३० कुठेतरी तोडावाच लागतो. ज्याने रात्री उशिरा ५९.९९९… कडे बघत आपली चूक शोधली आहे, त्याला या ६० चं मोल कळेल.

मला सर्वांत आवडलेली आज्ञा ‘रीराइट’. ‘असा आकृतिबंध दिसला की त्याजागी हे लिही’, हा नियम आपण द्यायचा. अ(ब+क) च्या जागी अब+अक, असा साधा नियमसुद्धा. उत्तर कुठून आलं ते डोळ्यांसमोर राहतं, प्रत्येक पायरी आपल्या हातात राहते. शिकवणाऱ्यांनी हे जरूर वापरून बघावं.

सुलभीकरण मात्र डोळसपणे वापरायला हवं, आणि ते कुठल्याही बीजगणिती यंत्राला लागू आहे. क्ष/क्ष चा १ झाला की क्ष शून्य असण्याची शक्यता गुपचूप नाहीशी होते. क्ष² चं वर्गमूळ म्हणजे क्ष असं लिहिणाऱ्याने क्ष = −३ घालून पाहावं. आपोआप होणारं सुलभीकरण इथे बंद करता येतं. अशा उदाहरणांना मी ते बंदच ठेवतो.

की-बोर्डची सवय व्हायला मला दीड महिना लागला. बटणांवर छापलेली नावं ४२ची आणि कामं नवी, त्यामुळे आधी कागदी पट्टी, मग स्टिकर. बटण दाबून धरलं की त्याची मदत पडद्यावर उघडते. त्या सोयीने मला तारलं.

एका वहीत माझी चोवीस उदाहरणं आहेत: कंस सोडवणं, अवकलन, बाजू बदलणं. नवी आवृत्ती टाकली की आधी ती सगळी चालवतो, आणि मूळ राशीत व उत्तरात तीच किंमत घालून दोन्ही जुळतात का ते बघतो. तासभर जातो. त्यानंतरच यंत्र पुन्हा कामाच्या टेबलावर येतं.