२४ लाखांची ऑफर की १३.८० लाखांची नोकरी: दोन्ही कागद शेजारी ठेवून

माझ्या भाच्याला पवईतल्या एका स्टार्टअपची ऑफर आली आहे. वय २९, राहायला डोंबिवली, ऐरोलीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत चार वर्षं चार महिने झालेत. गेल्या रविवारी तो पगाराची स्लिप आणि ऑफर लेटर, दोन्हींचे प्रिंट घेऊन आला. म्हणाला, "मावशी, तू यातून गेली आहेस, तूच बघ."

दहा वर्षांपूर्वी मीही मोठी नोकरी सोडून अंधेरीतल्या एका लहान कंपनीत गेले होते. पहिले दहा महिने सुंदर गेले, पुढचे पाच फार वाईट. तरीही जाऊच नये असं माझं मत नाही. त्या दुपारी ऑफर लेटरच्या पाठीमागे पेन्सिलने केलेला हिशेब इथे मांडते. अशाच निर्णयापाशी अडकलेल्यांना स्वतःचे आकडे घालून तो करता येईल.

हातात काय पडतं

ऐरोलीच्या नोकरीचा सीटीसी, म्हणजे कंपनी त्याच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, १३.८० लाख. बेसिक ४६,०००. त्याचे १२ टक्के, म्हणजे ५,५२० रुपये, पगारातून आणि तेवढेच कंपनीकडून पीएफला जातात. महिन्याला ११,०४०. कर वगैरे जाऊन हातात लाखभर.

पवईच्या ऑफरवर मोठ्या अक्षरांत २४ लाख. त्यातले ६ लाख ईसॉपचे (कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क), २ लाख व्हेरिएबल (मिळेलच याची खात्री नसलेला भाग). खात्रीचे उरले १६. पीएफ पूर्ण बेसिकवर नाही, १५,००० रुपयांवरच कापणार, म्हणजे दोन्हीकडचे मिळून महिन्याला ३,६००. नव्या करप्रणालीने कर वजा केला तर हातात साधारण १ लाख २० हजार.

म्हणजे महिन्याला वीस हजार जास्त. पण पीएफमध्ये साडेसात हजार कमी साठणार, तेव्हा खरी वाढ साडेबारा. आता त्याच्या आई-बाबांचं बघू. आजच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये दोघंही आहेत. नव्या कंपनीत फक्त नवरा-बायको आणि मुलं. बाबा ६३ वर्षांचे, मधुमेह. आईला बीपी. दोघांची वेगळी पॉलिसी विचारली तर वर्षाला साठ हजारांच्या आसपास सांगितलं, म्हणजे महिन्याला पाच हजार. उरले साडेसात हजार.

भाचा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. सीटीसी पाहिला तर दहा लाखांची उडी, घरात येणार साडेसात हजार. एवढ्यासाठी जावं की नाही, हा पुढचा प्रश्न. पण निदान आपण कशासाठी जातोय हे तरी स्वच्छ झालं. पगारासाठी जात असाल तर ही ऑफर पगारवाढ नाहीच.

मेडिक्लेमबद्दल एक सांगते, कारण इथे लोक फार चुकतात. आधीपासून असलेल्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती नोकरीत असतानाच विचारायची. राजीनामा दिल्यावर नाही.

सोडताना आणि सुटताना

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, पर्मनंट नोकरदाराला पाच वर्षं भरल्यावर मिळते. शेवटचा बेसिक, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. भाच्याचे नुसत्या बेसिकवर होतात १ लाख ३२ हजार ६९२. चार वर्षं आणि २४० दिवस भरले की पाचवं वर्षही पूर्ण धरावं, असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे. काही कंपन्या तो मानतात, काही मानत नाहीत. मी त्याला एचआरकडून मेलवर लेखी घ्यायला सांगितलं. उत्तर आलं की धरतो. त्याचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा. म्हणजे आज राजीनामा दिला तर तो महिनाभर आधी बाहेर पडतो आणि सव्वा लाखाहून जास्त सोडून जातो.

नोटीसचं दुसरं अंगही बघावं. ऐरोलीची कंपनी त्याला काढायचं म्हणाली तरी ९० दिवसांचा पगार देईल. पवईच्या लेटरमध्ये प्रोबेशनच्या सहा महिन्यांत दोन्हीकडून १५ दिवस लिहिलंय. हे कलम आठव्या पानावर होतं, त्याने वाचलंच नव्हतं.

माझी ताई, म्हणजे त्याची आई, एकच म्हणते, पर्मनंट नोकरी सोडू नको. तिची भीती मला कळते. आमचे वडील, अण्णा, गिरणीत पर्मनंट होते आणि लालबागच्या चाळीत बदली कामगारांच्या घरांपेक्षा आमचं घर सुरक्षित मानलं जायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अण्णांना गिरणीने परत कधी बोलावलंच नाही. मी पाच वर्षांची होते, ताई दहावीत. वाण्याच्या वहीतली उधारी तिने पाहिली आहे. पण त्याच आठवणीतून मी वेगळं शिकले. पर्मनंट हा शब्द कंपनीच्या तब्येतीवर उभा असतो. टीसीएससारख्या कंपनीने २०२५ च्या जुलैत साधारण दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं सांगितलं. मोठ्या कंपनीत धोका कमी असतो, आणि तो आला तरी हिशेब चुकता करून पाठवतात. मोठा फरक या दुसऱ्या गोष्टीत आहे.

कंपनीचे महिने, घरचे महिने

माझ्या मते सगळा निर्णय या दोन आकड्यांवर आहे. आज एक रुपयाही नवा आला नाही तर ती कंपनी किती महिने पगार देऊ शकते? आणि पगार बंद झाला तर आपलं घर किती महिने चालतं?

पहिला आकडा सरळ विचारायचा. बँकेत किती आहेत, महिन्याला किती जळतात. भाच्याला संकोच वाटत होता. मी म्हटलं, तू तुझी पुढची चार वर्षं घालतोयस, विचारायचा हक्क आहे. फाउंडरने फोन करून सांगितलं, चौदा महिने. उत्तर मिळालं हे मला आवडलं. न देणाऱ्यांकडे जाऊच नये. पण चौदा म्हणजे निवांत चौदा नाहीत. पुढच्या फंडिंगची, म्हणजे गुंतवणूकदारांच्या नव्या पैशांची, धावपळ पैसे संपायच्या सहा-आठ महिने आधी सुरू होते आणि माणसं कमी होतात ती त्याच काळात.

सांगितलेलं ताडूनही बघता येतं. कंपनीचे ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या साइटवर शंभर रुपये भरून पाहता येतात, पण ते वर्षभर जुने असतात. त्यापेक्षा ताजी माहिती ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर, आस्थापना शोधा या सोयीत. कंपनीचं नाव घातलं की कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा, हे दिसतं. भरायची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. पवईच्या कंपनीने एकही महिना चुकवलेला नाही. पण वर्षाच्या सुरुवातीला ५२ माणसं होती, आता ४१. भाच्याने विचारलं, तर सेल्सची टीम कमी केली म्हणाले. खरंही असेल. मात्र हा आकडा मुलाखतीत कोणी आपणहून सांगितला नव्हता.

मी हे इतकं लावून धरते त्याला कारण आहे. अंधेरीच्या त्या कंपनीत अकराव्या महिन्याचा पगार बारा दिवस उशिरा आला. पुढचा अर्धा. मग "पुढच्या आठवड्यात". एका संध्याकाळी अंधेरी स्टेशनवर बोरिवली लोकलची वाट बघताना सहज मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडलं. स्लिपवर दर महिन्याला कापलेली रक्कम होती आणि पासबुकात शेवटचे चार महिने कोरे. दोन गाड्या माझ्यासमोरून गेल्या, मला चढायचंही सुचलं नाही. अशी कंपनी दिवाळखोरीत गेली की आमच्यासारख्या ऑफिसातल्या लोकांचा थकलेला पगार तारण असलेल्या बँकांच्या आणि कामगारांच्या देण्यांनंतर येतो, तोही जास्तीत जास्त बारा महिन्यांचा. मला त्यातलं काही मिळालं नाही.

मला वाचवलं ते सात महिन्यांच्या खर्चाच्या एफडीने. त्या जोरावर मी पहिली मिळेल ती नोकरी नाकारू शकले आणि चौथ्या महिन्यात माझ्या कामाची मिळाली. माझ्यासोबतच्या एकाच्या घरी दोन महिन्यांचेच होते. त्याने आधीच्यापेक्षा कमी पगार घेतला आणि तो भरून काढायला त्याची वर्षं गेली. आमची दोघांची हुशारी सारखीच होती.

भाच्याच्या घरचा खर्च, ३२ हजारांचा हप्ता धरून, महिन्याला ६७ हजार. साठलेत अडीच लाख. पावणेचार महिनेही नाहीत.

ईसॉपचे सहा लाख

हे मी हिशेबात शून्य धरते. मिळाले तर आनंद. कायद्याने ईसॉप दिल्यापासून वर्षभर तरी काही हाती येत नाही, पुढे सहसा चार वर्षांत थोडे थोडे. किंमत शेवटच्या फंडिंगच्या भावाने लावलेली असते. मुंबईतच दोन्ही टोकं पाहिलीत. सौंदर्यप्रसाधनं विकणारी नायका २०१२ मध्ये इथे सुरू झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये ११२५ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी जवळपास दुप्पट झाला. ऑनलाइन औषधं विकणाऱ्या फार्मईझीच्या मूळ कंपनीने २०२३ मध्ये आधीच्या भावापेक्षा सुमारे ९० टक्के कमी दराने शेअर काढले. आणि क्रिकेटच्या काल्पनिक संघांचे खेळ चालवणाऱ्या ड्रीम११ सारख्या मुंबईच्या मोठ्या कंपनीला ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैशांचे खेळ बंद करावे लागले.

विचारायचं ते एवढं: एकूण शेअर किती आणि त्यातले माझे किती, घेताना किती भरायचे, आणि नोकरी सोडली तर किती दिवसांत घ्यावे लागतात. अनेक ठिकाणी ९० दिवसच असतात. कराचंही लक्षात ठेवा. शेअर घेता त्या दिवशीचा भाव वजा तुम्ही भरलेली किंमत, हा फरक तुमच्या पगारात धरून कर लागतो, शेअर विकला नसला तरी. ठरावीक सरकारी प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो. ऑफर देणाऱ्यांकडे ते आहे का, हे विचारा. पवईवाल्यांकडे नाही.

मग जायचं कशासाठी

कामासाठी. ऐरोलीत तो चार वर्षं एकाच परदेशी बँकेचे तेच रिपोर्ट सांभाळतोय. पवईत सहा जणांच्या टीममध्ये पेमेंटची सगळी यंत्रणा पहिल्यापासून उभी करायची आहे. त्याबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलला, ते मी ऐकलं. अंधेरीच्या त्या पंधरा महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या सहा वर्षांत शिकले नव्हते. पुढची नोकरीही त्याच कामावर मिळाली. हे हिशेबात मांडता येत नाही, पण ते खरं आहे.

प्रवास थोडा वाढेल. आज ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरने ऐरोली. उद्या कांजूरमार्ग, तिथे फास्ट थांबत नाही, म्हणून ठाण्याला स्लो पकडायची आणि पुढे रिक्षा. सकाळचं जमेल. रात्री साडेदहाला ऑफिसातून निघून डोंबिवली, हे रोज झालं तर त्रास होईल.

मी त्याला जा म्हटलं, पण चार महिन्यांनी. २४० दिवस भरतात, ग्रॅच्युइटीचे १.३३ लाख येतात, दरमहा वीस हजार बाजूला टाकले की आहेत त्यात मिळवून साडेचार लाखांवर जातात. घरचे सात महिने होतात. फाउंडर आधी इतकं थांबणं कठीण म्हणाले, मग तयार झाले. पीएफ पूर्ण बेसिकवर कापायलाही हो म्हणाले. व्हेरिएबल पक्क्या पगारात घ्यायला नकार दिला, तो आम्ही सोडून दिला. तोवर त्यांच्याकडे दहाच महिने उरतील हे भाच्याला माहीत आहे, म्हणून ऐरोलीतल्या शेवटच्या दिवसाआधी ईपीएफओच्या साइटवरचा ४१ चा आकडा पुन्हा बघायचा ठरलंय.

गुरुवारी बाबांची पॉलिसीसाठी तपासणी आहे. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये आहे. महिनाभराने, पॉलिसीचा कागद हातात आला की, तो पाठवायचा.