स्पितीला निघण्याआधी गाडीची तपासणी: वागळे इस्टेटमधलं एक गॅरेज

ठाण्यातल्या कुठल्याही गॅरेजात ‘घाटात जायचंय, गाडी जरा बघून द्या’ म्हटलं की मेकॅनिकच्या डोळ्यांपुढे कसारा येतो, फार तर माळशेज. अर्ध्या तासाची चढण, वर धुकं, कांदाभजी आणि परत खाली. हिमाचलातल्या स्पितीचं गणित वेगळं आहे. मनालीहून अटल बोगदा ओलांडून कोकसर, ग्राम्फू, छत्रू, बातल करत गाडी कुंझुम खिंडीत पोचते तेव्हा ती साडेचार हजार मीटरच्या वर असते. ग्राम्फूपासून काझापर्यंत, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावापर्यंत, पेट्रोलपंप नाही, गॅरेज नाही. स्पितीहून आलेली माणसं वर्षानुवर्षं आठवणी सांगतात त्या चंद्रा नदीच्या, बातलच्या ढाब्यावरच्या राजमा-भाताच्या, कुंझुममातेच्या देवळाला गाडीसकट घातलेल्या प्रदक्षिणेच्या. ब्रेकची आठवण ज्याला सांगावी लागते, त्याची सहल बिघडलेली असते.

वागळे इस्टेटच्या आतल्या एका गल्लीत, शेडमधलं हे मल्टीब्रँड गॅरेज ‘लाँग टूर चेकअप’ करून देतं. मजुरी साडेतीन हजार, माल वेगळा, गाडी सकाळी द्यायची आणि संध्याकाळी न्यायची. छापील फॉर्मवर चाळीसेक मुद्दे आहेत, त्यांतले दहा-बारा हॉर्न, वायपर, आतला दिवा असल्या भरतीचे. निकाल आधीच सांगून टाकू: हाताची कामं इथे उत्तम होतात, डोकं मात्र आपलं न्यावं लागतं.

सर्वांत चांगलं काम ब्रेकचं. चारही चाकं उतरवतात, चाकाच्या फटीतून टॉर्च मारून ‘पॅड आहेत अजून’ म्हणत नाहीत. मागचे ड्रम उघडून आतली धूळ काढतात, लायनरची जाडी मोजतात, पुढच्या कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना बाहेर काढून जुनं ग्रीस पुसून नवं लावतात. ही पीन अडकली की एकीकडचा पॅड घासतच राहतो, डिस्क तापते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. पावसाळाभर सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं. इतक्या निगुतीनं पिना साफ करणारी गॅरेजं कमी आहेत.

घोळ होतो तो ब्रेक ऑइलशी. फिटर झाकण उघडतो, आत डोकावतो आणि सांगतो, ‘चांगलंय की साहेब, काळं पडलेलं नाही.’ रंगावरून आत पाणी किती शिरलंय ते कळत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि खाडीकाठच्या ठाण्यात ओलाव्याला तोटा नाही. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ चं तर २०५ वरून १४० होतं. काझाच्या वर असलेल्या हिक्किम गावच्या पोस्टातून घरी पत्र टाकून काझाकडे उतरताना गाडी काही किलोमीटरांत सातशे-आठशे मीटर खाली येते. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ही उष्णता कॅलिपरपर्यंत पोचते, ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दुसऱ्या-पहिल्या गियरमध्ये उतरणं हा उपाय आहेच, पण ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर रंगाची चर्चा न करता बदलून घ्यावं.

गॅरेजात पेनसारखा टेस्टर आहे, लाल दिवा लागला की पाणी जास्त. तो ढोबळ आहे, तरी मागितल्याशिवाय काढत नाहीत म्हणून मागावा. छोट्या गाडीला पूर्ण बदलायला सुमारे एक लिटर ऑइल लागतं. झाकणावर डॉट ३ की ४ ते लिहिलेलं असतं, तेच घालायचं. बाटली आपल्यासमोर फोडायला सांगायची. फळीवर अर्धी उघडी पडलेली बाटली म्हणजे पैसे देऊन ओलावा विकत घेणं. उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत आधी मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं, या क्रमानं ब्रेकच्या पाइपांतली हवा काढतात, म्हणजे ब्लीड करतात. काही मॉडेलांत क्रम वेगळा असतो, आणि तो इथला मोठा मिस्त्री पुस्तकात बघून करतो, ही गोष्ट आवडली. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचंही ऑइल बहुधा याच डब्यातून जातं, तेही ब्लीड करून घ्यावं.

ब्रेकचीच आणखी एक गोष्ट, जी इथं कोणी सांगत नाही. पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर बाहेरची हवा आणि इंजिनाची ओढ यांच्यातल्या फरकावर चालतो. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५८ टक्के उरतो, म्हणजे बूस्टरचा जोरही त्याच प्रमाणात कमी. पेडल कडक लागतं, पाय जास्त दाबावा लागतो. ब्रेक निकामी झालेले नसतात, हवा पातळ झालेली असते. पेडल कडक लागलं तर उंची, मऊ पडून खाली गेलं तर ऑइल: एवढा फरक ओळखता आला की निम्मी घाबरगुंडी टळते.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. चाकं परत बसवताना नट हवेच्या गननं आवळतात. टर्र्र आवाज, दोन सेकंद, पुढचा नट. आवळण्याचा जोर न्यूटन मीटरमध्ये मोजतात, छोट्या गाडीच्या नटाला साधारण शंभर-एकशेदहा पुरतं. गन किती लावते ते गनच जाणे. बातलच्या अलीकडे दगडांत टायर फाटला आणि डिकीतल्या हातभर पान्यावर दोन माणसं उभी राहिली तरी नट हलला नाही, तर स्टेपनी असून नसल्यासारखी. गॅरेजात टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानंच आवळणारा पाना, आहे, भिंतीवर टांगलेला आहे, त्यावर धूळही आहे. मागितला की कुरकुर न करता काढतात. ताबा घेताना आपल्याच गाडीचा जॅक आणि पाना काढून एक नट सोडून बघायचा, परत आवळायचा. अलॉयला चोरी रोखणारे लॉक नट असतील तर त्यांची किल्ली डिकीत आहे ना, हे त्याच वेळी पाहायचं. ती बऱ्याचदा गॅरेजच्या ट्रेमध्येच राहते.

कूलंटच्या बाबतीत माझं मत दोन टोकांचं आहे. रेडिएटरचं झाकण प्रेशर टेस्टरवर लावून तपासतात, ही फार मोलाची गोष्ट. साडेचार हजार मीटरवर साधं पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणानं दाब धरला तरच आतलं मिश्रण उकळायचं थांबतं. झाकणाचं रबर चिरलं की चढणीवर काटा लाल रेषेकडे निघतो, त्यात पातळ हवा रेडिएटरमधून उष्णताही कमी नेते आणि गाडी पहिल्या गियरमध्ये रांगत असते. कूलंटचे रबरी पाइप, म्हणजे होजही दाबून बघतात, टोकाशी फुगलेला होज लगेच दाखवतात. इतकं करून शेवटी पातळी कमी दिसली की बिसलेरीची बाटली ओततात! मिश्रण निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं असेल तर ते उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. ठाण्यात वर्षभर थोडं थोडं पाणी टाकून ते पातळ झालेलं असतं. ऑक्टोबरात काझाची रात्र शून्याखाली उतरते, आणि तिथं पातळ कूलंट म्हणजे ब्लॉक फुटण्याचा धोका. मिश्रण किती पातळ आहे ते हायड्रोमीटरनं मोजून घ्या, शंका असेल तर पूर्ण बदला, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच घाला. हिरवं-गुलाबी रंग बघून मिसळलेलं कूलंट आत गाळ धरू शकतं.

टायरच्या हवेवरून काउंटरवर वाद ठरलेला. इथं ‘हायवेला जाताय ना’ म्हणून ३८ पीएसआय भरून देतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा त्यावर वेगळा दिलेला असतो, तोच घ्यायचा. वर गेल्यावर हवा सोडायची का, हा प्रश्न सगळे विचारतात. हिशेब असा: ठाण्यात ३२ अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर ४,५०० मीटरवर गेला की नुसत्या उंचीमुळे गेज सहाएक पीएसआय जास्त दाखवेल. पण तिथं पहाटे ५ अंश असतील, तर थंडीमुळे चारेक पीएसआय उतरतील. शिल्लक वाढ दोन पीएसआयची. एवढ्यासाठी कुंझुमला थांबून व्हॉल्व्ह दाबत बसू नये. ३८ घेऊन निघालेल्या गाडीचं मात्र ४० होतं, दगडांवर ती चेंडूसारखी उडते. नायट्रोजनचा आग्रहही इथे होतो. नम्रपणे नको म्हणा, काझात साधी हवाच मिळणार आहे आणि ती चालते.

टायर बघताना मोठा मिस्त्री बाजूच्या भिंतीवरून बोट फिरवत जातो, चीर लागली की खडूनं गोल करतो. बाजूच्या भिंतीच्या चिरेला पंक्चरची रबरी पट्टी धरत नाही, तो टायर बदलायचाच. टायरवरच्या चार आकडी शिक्क्यात आधी आठवडा, मग वर्ष असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ते ग्राम्फूच्या दगडांवर न्यायचं नाही. स्टेपनीची हवा तपासायला मात्र विसरतात. नव्या गाड्यांत ती लहान आकाराची असते, वेगमर्यादा तिच्यावरच छापलेली असते, आणि तिच्यावर पुढचे शंभर किलोमीटर दगडांतून जायचं म्हणजे कसरत आहे. जमत असेल तर पूर्ण आकाराची न्या.

बॅटरी लोड टेस्टरवर लावतात आणि टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतात, छान. बंद गाडीत १२.६ व्होल्ट आणि चालू गाडीत चौदाच्या आसपास, एवढं फॉर्मवर लिहून घ्या. क्लचची चाचणी दारातच होते: हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला की इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. घुटमळत बंद पडलं तर प्लेट गेलेली. टर्बो नसलेलं इंजिन त्या उंचीवर चाळीसेक टक्के ताकद हरवतं, म्हणून खड्या वळणावर माणूस अर्धा क्लच धरून ठेवतो आणि जळका वास येतो. ठाण्यातच सरकणारी प्लेट तिथं टिकत नाही.

गाडीखाली मात्र इथं घाई जाणवते. सायलेन्सरची रबरं, लिंक रॉड, ड्राइव्ह शाफ्टचे बूट बघतात, पण इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कवच हलवून पाहत नाहीत. तिकडे रस्त्यात आडव्या येणाऱ्या नाल्यातून गाडी काढताना पाण्याचा पहिला तडाखा त्यालाच बसतो, दोन क्लिपा निघाल्या की ते जमिनीला घासत फरफटतं. झिप टायची जाड पाकिटं सोबत असू द्या. एअर फिल्टर हवा कुठून ओढतो ती जागाही इथंच विचारून ठेवा. पाणी तिथपर्यंत आलं की इंजिन गेलं. नाले सकाळी लवकर ओलांडायचे, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच दाबत थोडं चालवायचं म्हणजे पॅड वाळतात.

इंजिन फ्लश आणि डिकार्बनायझिंग गळ्यात मारायचा प्रयत्न होईल. दोन्हीला नाही म्हटलं तर वाईट वाटून घेत नाहीत. त्याच पैशांत फॅनबेल्ट, दोन लिटर तयार कूलंट, लिटरभर इंजिन ऑइल, फ्यूज, टो दोरी आणि सिगारेट सॉकेटवर चालणारा हवेचा पंप एवढं येतं. माल बाजारभावानं लावतात, जुने पार्ट न मागता डिकीत ठेवतात.

वेळ शनिवारची घेऊ नका, त्या दिवशी शेड भरलेली असते आणि मोठा मिस्त्री एका गाडीवर टिकत नाही. निघायच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. दहा दिवस आधी काम करून घ्या, मग माळशेजला जाऊन या. जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर होतात. परतल्यावर नट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासायचे, कूलंटची आणि ब्रेक ऑइलची पातळी खुणेशी ताडायची, जमिनीवर थेंब पडलाय का ते बघायचं. ही दुसरी फेरी गॅरेज फुकट करून देतं, पण बिल दाखवावं लागतं. त्यामुळे बिलावर तारीख, किलोमीटर आणि नट किती न्यूटन मीटरला आवळले तो आकडा पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचा.