क्रॅप्सची चटई मागवली, एकाच सहाला दोन भाव निघाले

दरवर्षी गणपतीत रात्रभर पत्तेच, म्हटलं यंदा काहीतरी वेगळं करू, म्हणून ऑनलाइन क्रॅप्सची, म्हणजे कॅसिनोतल्या दोन फाशांच्या खेळाची, घडीची चटई मागवली. दोन फासे, चिप्सचा डबा, इंग्लिश पुस्तिका सगळं धरून साडेबाराशे, खानापूरला यायला आठ दिवस लागले. पैशानं खेळायचं नाही म्हणून आत्यानं आधीच दम दिलेला, मग चिप्स राहिल्या डब्यात आणि आम्ही शेंगदाणे लावले. मामा झाला बँकवाला, म्हणजे सगळ्यांचे डाव घेणारा आणि चुकते करणारा.

कापड बरं आहे पण घडीची रेघ पाटा ठेवून पण गेली नाही, फासा नेमका तिथंच तिरका टेकतोय आणि मग भांडण. फाशांचे कोपरे पण गोल, कॅसिनोत धारदार कडांचे असतात तसले नाहीत, लुडोच्या डब्यातले वाटतात.

मूळ खेळ म्हणजे पास लाइन. पहिल्या फेकीला ७ किंवा ११ आले तर जिंकलात, २, ३, १२ आले तर गेलात, दुसरा कुठला आकडा आला तर तो सातच्या आधी परत पडायला पाहिजे. बँकेला त्यात शंभरामागं दीडसुद्धा सुटत नाही. पण आमच्या पोरांना धीर कुठला, सगळ्यांचा डोळा साइड बेटवर, म्हणजे चटईवरच्या बाकीच्या वेगळ्या डावांवर.

त्यातली फील्ड मला आवडली, एका फेकीत निकाल. २, ३, ४, ९, १०, ११, १२ यातलं काही पण आलं की तुमचं. यादी एवढी लांब बघून वाटतं आपलंच राज्य, पण दोन फासे ३६ तऱ्हेनं पडतात आणि त्यात फील्डच्या फक्त १६, कारण ५, ६, ७, ८ हे सारखे सारखे पडणारे आकडे बँकेकडं. आमच्या चटईवर २ ला आणि १२ ला दुप्पट आहे, काही टेबलांवर १२ ला तिप्पट देतात, तिथं बँकेचा फायदा सरळ निम्म्यावर येतो.

आता खरी गंमत. कोपऱ्यात लालभडक अक्षरात बिग सिक्स, बिग एट छापलंय. सातच्या आधी सहा आला तर एकाला एक. आणि त्याच चटईवर वरच्या बाजूला प्लेस बेटचा सहा आहे, अट तीच, पण तिथं सहा दाणे लावले तर सात मिळतात! बेळगावात गणपत गल्लीत एक भाव आणि चार पावलांवर खडेबाजारात दुसरा, तसलं झालं की ओ हे. बिगमध्ये बँक शंभराला नऊ खाते, प्लेसमध्ये दीड. पहिल्या रात्री आम्ही सगळे बिगवरच, अक्षर मोठं म्हणून.

दुसरं भांडण हार्ड सिक्सवरनं. दोन्ही फाशांवर तीन-तीन पाहिजे, सात किंवा साधा सहा आधी आला तर गेलं. चटईवर छापलंय ‘टेन फॉर वन’. धाकट्या भावाला ते लागलं, म्हणतो मला दहा दे आणि माझा लावलेला परत दे. मामा म्हणाला, फॉर म्हणजे तुझा त्यातच धरून, सुटले नऊच. अर्धा तास खेळ बंद, शेवटी पुस्तिका काढून वाचली तर मामा बरोबर. तीन-तीनची एकच तऱ्हा, मोडणाऱ्या दहा, म्हणजे नऊ सुटून पण बँक पुढंच.

एनी सेव्हन, म्हणजे पुढच्याच फेकीला सात येणार म्हणून लावायचं, ते तर लावूच नका. छत्तीसात सहा वेळा येतो म्हणजे एकाला पाच पाहिजेत, देतात चार. मामाचा डबा त्याच्यावरच भरला, आणि पहाटे आरतीच्या आधी त्यातले निम्मे त्यानंच खाऊन टाकले.

साडेतीन स्टार. चटई घ्या, फासे वेगळे मागवा.