जांभळी नाक्याच्या बाजारातील पक्षीखाद्याचे दुकान

माझ्या पाच जपानी लावा माद्यांनी डिसेंबरमध्ये अंडी देणे जवळजवळ थांबवले, तेव्हा ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारात असलेल्या एका छोट्या दुकानात मी गेलो. खाद्य विकण्याआधी दुकानदारांनी पिंजऱ्याजवळ किती तास उजेड असतो, हे विचारले आणि तिथेच माझा विश्वास बसला. या पक्ष्यांना नियमित अंडी देण्यासाठी दिवसाला सुमारे १४ ते १६ तास प्रकाश लागतो, आणि हिवाळ्यात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असल्याने उरलेला वेळ मंद दिव्याने, रोज ठरलेल्या वेळीच, भरून काढावा लागतो.

त्यांनी दिलेल्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने आहेत. मी आधी वापरत असलेल्या कोंबडीखाद्यात ती १६ टक्केच होती. सोबत घेतलेला शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवल्यावर मऊ कवचाची अंडी बंद झाली. तीन आठवड्यांत रोज चार अंडी मिळू लागली, बहुतेक दुपारनंतर.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. खाद्य सुटे मिळते आणि त्यावर उत्पादनाची तारीख नसते. पावसाळ्यातील दमट हवेत अशा खाद्याला बुरशी लागते व तिचे विष पक्ष्यांच्या यकृतावर परिणाम करते, म्हणून मी एका वेळी दोन किलोच घेतो आणि प्रत्येक वेळी वास घेऊन पाहतो. दुकानदारांनी बंद पिशव्या ठेवाव्यात, अशी त्यांना विनंती केली आहे.