सेकंडहँड सॅडल घेताना मी कसा फसलो (झाडावर चढायच्या आधी वाचा)

पेनसिल्व्हेनियात येऊन मला आठ-नऊ वर्षं झाली. इथे ऑक्टोबर लागला की ऑफिसातली निम्मी मंडळी धनुष्य घेऊन हरणांच्या मागे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे मला याचं काहीच माहीत नव्हतं, पण एका सहकाऱ्याने नादाला लावलं, राज्याचा हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं. (आईला अजून सांगितलेलं नाही.) तो म्हणाला झाडावर बसायला लोखंडी स्टँड वाहत बसू नकोस, सॅडल घे.

सॅडल म्हणजे कमरेला नि मांड्यांखाली बसणारा पट्ट्यांचा झोळीसारखा हार्नेस. डोक्याच्या वर खोडाला एक दोरी बांधायची, तिला टेदर म्हणतात, त्यावर प्रुसिकची गाठ (वेगळ्या दोरीची, ताण आला की पकडणारी), गाठीत कॅराबिनर म्हणजे झडपेची धातूची कडी, आणि त्यात सॅडलचा ब्रिज, म्हणजे सॅडलच्या पुढची दोरी. पाय छोट्या प्लॅटफॉर्मवर टेकवून खोडाकडे तोंड करून मागे रेलायचं. चढताना खोडाला स्टिक, म्हणजे पायऱ्यांचे छोटे दांडे, बांधत जायचं आणि तोल सांभाळायला लाइनमन बेल्ट नावाची दोरी खोडाभोवती टाकायची. आमच्या कोकणात माडावर चढणारे गडी पायात दोरीचा वेढा घालून सरसर वर जातात, मला वाटलं त्यापुढे हे काय अवघड!

नवीन सगळा सेट सहाशे डॉलरच्या घरात जात होता. मग एकाची जाहिरात दिसली, सॅडल, टेदर, लाइनमन बेल्ट, चार स्टिक, सगळं मिळून २८० डॉलर, "दोनच सीझन वापरलंय, कायम घरात ठेवलेलं". फोटो झकास. भेटायचं ठरलं एका पेट्रोल पंपावर, तेही संध्याकाळी अंधार पडताना, आणि इथेच माझी अक्कल गहाण पडली होती बघा. माणूस गोड बोलणारा, मुलांची चौकशी करणारा. सॅडलचं लेबल कापलेलं दिसलं म्हणून विचारलं तर म्हणाला पाठीला टोचत होतं म्हणून कापलं. मला पटलं! झेलने (इथलं बँकेतून थेट पैसे पाठवायचं ॲप, Zelle) पैसे पाठवले आणि खुशीत घरी आलो.

आता, लेबल का महत्त्वाचं ते मला नंतर कळलं. त्यावर बनवल्याची तारीख असते, वजनाची मर्यादा असते. नायलॉनचे पट्टे नि दोऱ्या उन्हाने आतून कमजोर होत जातात, वरून धड दिसल्या तरी, म्हणून कंपन्या काही वर्षांनी वापरलेलं असो-नसो टाकूनच द्या म्हणतात. तारीखच कापून टाकली की वय विचारायचं कुणाला?

शनिवारी मागच्या अंगणात मेपलच्या झाडाला टेदर बांधून जमिनीपासून फूटभर उंचीवर प्रॅक्टिस करत होतो (सहकाऱ्याने दम दिला होता की आधी महिनाभर एवढ्याच उंचीवर, त्याचे उपकार), मागे रेललो आणि प्रुसिक सुर्रकन खाली घसरला, मी दाणकन बुडावर. मुलगी हसून लोळली. सहकाऱ्याला बोलावलं. त्याने बघितलं तर प्रुसिकची दोरी टेदरएवढीच जाड आणि वर काचेसारखी गुळगुळीत झालेली. ती मुख्य दोरीपेक्षा बारीक नि लवचिक लागते, तरच पकड घेते. मग त्याने ब्रिजची गाठ सोडली. गाठीच्या आतला भाग गर्द हिरवा आणि बाकी सगळी दोरी वाळलेल्या गवताच्या रंगाची! घरात ठेवलेलं म्हणे. वर्षानुवर्षं झाडावरच लटकत असणार ते.

खरा घाम फुटला तो कॅराबिनर बघून. क्लायंबिंगच्या चांगल्या कॅराबिनरवर ताकद कोरलेली असते, लांबीच्या दिशेने साधारण २० केएनच्या (किलोन्यूटन) वर, म्हणजे दोन टनांचा ताण. माझ्या कॅराबिनरवर '२४ केएन' होतं खरं, पण सहकाऱ्याने नखाने खरवडलं तर शाई निघून आली, खाली कोरीव अक्षर एकही नाही. म्हणजे हा नुसता जुना माल नव्हता, कुणीतरी बसून खोटा शिक्का मारला होता. आणि यावर मी वीस फुटांवर लटकणार होतो.

विकणाऱ्याला मेसेज केला तर ब्लॉक, जाहिरात गायब. बँकेने सांगितलं पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. एफबीआयच्या आयसी-थ्री या ऑनलाइन गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकलीय, पैसे येतील असं काही वाटत नाही.

जुनं घ्यायचंच असेल तर स्टिक नि प्लॅटफॉर्म घ्या, तेही दिवसाउजेडी, वेल्डिंग नीट बघून. दोरी, पट्टे, कॅराबिनर नवीनच घ्या. आणि अनोळखी माणसाला झेल करू नका, पेपालवर करत असाल तर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' नको, त्यात खरेदीचं संरक्षण नसतं.

स्टिक तेवढ्या ठेवल्या. बाकी सॅडल, टेदर सगळं मी कात्रीने वीतवीतभर तुकडे करूनच कचऱ्यात टाकलं, नाहीतर डब्यातून उचलून कुणीतरी परत विकायचा.