परतावा देऊन मोकळं व्हावं, की क्लेम लढवावा?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून महेश्वरी साड्या ऑनलाइन विकायला लागून सहा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं माझी एकच रीत होती. गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले की वाद घालायचा नाही, विक्रेत्याच्या पॅनलवर 'मान्य' दाबायचं आणि पुढच्या ऑर्डरला लागायचं. नंतरच्या तीन वर्षांत उलटं केलं. परत आलेला प्रत्येक नग कॅमेऱ्यासमोर उघडायचा आणि दिलेलं कारण खोटं निघालं की क्लेम, म्हणजे मार्केटप्लेसकडे भरपाईचा दावा, टाकायचाच. दोन्ही रीती पुरेशा वापरून झाल्या आहेत, म्हणून नव्याने विकायला बसलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी कोणत्या मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या कोणत्या ॲपवर, आहे हे महत्त्वाचं नाही. पॅनलचे रंग निराळे असले तरी हा प्रश्न सगळीकडे एकच आहे.

देऊन टाकण्यात सुख आहे, हे आधी कबूल करतो. संध्याकाळ आपली राहते. वहिनी पॅकिंग संपवून सात वाजता उठू शकतात. गिऱ्हाईक खूश राहतं, कधी कधी तेच पुन्हा येतं. जाण्याचं कुरिअर, येण्याचं कुरिअर आणि खोका-पिशवी एवढा तोटा धरून ठेवला की हिशोबही सोपा होतो. माझे काका राजवाड्याजवळच्या कापड दुकानात चाळीस वर्षं गल्ल्यावर बसले. ते म्हणायचे, "दारात आलेल्याला रिकाम्या हाती भांडत पाठवू नये." दुकानात ते खरंच होतं. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि साडी टेबलावर उलगडलेली असायची. डाग कुणाचा, हे दोघांनाही दिसायचं.

ऑनलाइनमध्ये ती साडी टेबलावर नसते. एकदा तीन हजार दोनशेची साडी 'न वापरलेली' म्हणून परत आली. उलगडली तर खालच्या काठाला फॉल लावून उसवल्याची बारीक भोकं ओळीने दिसली. रेशीम-सुती कापडात ती बुजत नाहीत. तरी मी पैसे दिले, वाद नको म्हणून. साडी पुढे अर्ध्या किमतीत ओळखीत गेली.

लढवण्याचे त्रासही थोडे नाहीत. क्लेमची मुदत परतावा 'पोहोचला' अशी नोंद झाली की सुरू होते, आणि ती नोंद अनेकदा पिशवी दारात येण्याआधीच झालेली असते. आमच्याकडे डिलिव्हरीवाला पाच-सहा परतावे एकदम टाकून जातो. शनिवारी संध्याकाळी ॲपमध्ये 'पोहोचला' दिसतं आणि पार्सल सोमवारी येतं. असे दोन दिवस हातचे गेलेले असतात. मग टिकिट, म्हणजे ॲपवरची तक्रार, टाकावं, तर पहिलं उत्तर ठरलेलं येतं. दुसऱ्या उत्तराला माणूस बदललेला असतो आणि तोच व्हिडिओ पुन्हा मागतो. हातमागाच्या कापडात ताणा, म्हणजे उभा धागा, तुटल्यावर धागा जोडावा लागतो, त्याची गाठ मागच्या बाजूला राहते, तो दोष नव्हे, हे मी वेगवेगळ्या माणसांना किती वेळा समजावलं असेल याची गणती नाही. सगळे क्लेम धरले तर निम्म्याहून जास्त मी हरलोच असेन, असं आपलं आठवणीवरून वाटतं. वही ठेवलेली नाही.

एवढं सगळं असूनही पारडं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने, आणि ती रकमेची नव्हती.

परत करताना गिऱ्हाइकाला एक यादी दिसते. मन बदललं, माप चुकलं, रंग वेगळा, माल सदोष, माल अस्सल नाही. कित्येक ठिकाणी 'मन बदललं' निवडलं की परत घेतच नाहीत, किंवा कुरिअरचे पैसे कापतात. मग मन बदललेला माणूस काय करतो? 'सदोष' निवडतो. त्याच्या लेखी ते फक्त एक बटण असतं. आपल्या लिस्टिंगवर, म्हणजे ॲपमधल्या त्या साडीच्या पानावर, मात्र तो शब्द कायम बसतो. मी 'मान्य' दाबत होतो तेव्हा मला वाटायचं की मी पैसे देतो आहे आणि विषय संपतो आहे. प्रत्यक्षात मी प्रत्येक वेळी त्या शब्दाखाली सही करत होतो.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या सगळ्यात चालणाऱ्या साडीचं लिस्टिंग बंद झालं. कारण दिलं होतं, 'अस्सलपणाबद्दल तक्रारी'. तिचा ताणा रेशमाचा, बाणा (आडवा धागा) सुती, बुगडी नावाची किनार, दोन्ही बाजूंनी नेसता येते. महेश्वरला ज्या घरी ती विणली जाते तिथे मी स्वतः जातो. इथून नव्वदेक किलोमीटर, नर्मदेकाठी. मी कागद पाठवले, मागाचे फोटो पाठवले. उत्तर आलं, की या परताव्यांवर तुम्ही त्या त्या वेळी आक्षेप घेतलेला नाही. ते खरंच होतं. मी घेतलाच नव्हता. उदारपणे दिलेले पैसे त्यांच्या नोंदीत कबुलीजबाब होऊन बसले होते.

ती बातमी मला विणकर चाचांना सांगावी लागली, कारण पुढच्या खेपेची उचल थांबवायची होती. त्यांनी विचारलं, "नकली किसने कहा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणी म्हटलंच नव्हतं. कुणीतरी यादीतलं एक कारण निवडलं होतं आणि मी त्याला हो म्हटलं होतं.

त्या दिवसापासून मी लढवतो. क्लेम पैशांसाठी टाकायचा असतो असं बहुतेक सगळे धरून चालतात आणि रकमेकडे बघून 'जाऊ दे' म्हणतात. मी रक्कम बघत नाही, कारण काय लिहिलं आहे ते बघतो. हरलो तरी आक्षेपाची नोंद राहते.

पण लढवणं म्हणजे परतावा नाकारणं नव्हे, आणि यात गल्लत केली तर चूक आपली ठरते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 जुलैमध्ये लागू झाले. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत दाखवला तसा नसेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर कुरिअरमुळे झाला, एवढं सांगून सुटका होत नाही. त्याच नियमांनुसार तक्रार-अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. म्हणजे गिऱ्हाईक खरं असेल तर ते आपल्यापेक्षा भक्कम जमिनीवर उभं आहे, आणि असायलाच हवं. आमच्या जांभळ्या साडीचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला होता, त्यात ती निळी दिसायची. त्या साडीचे सगळे परतावे मी एका शब्दाने न अडता दिले आणि फोटो गच्चीवर सकाळच्या उजेडात पुन्हा काढला.

एकदा मी चुकीचाही लढलो. गिऱ्हाईक म्हणत होतं, पदर फाटलेला आला. मी आमचा पॅकिंगचा व्हिडिओ पाठवला. त्यात घडी केलेली साडी पिशवीत जाताना दिसत होती, पदर उघडलेला कुठेच नव्हता. म्हणजे माझ्या पुराव्याने काहीच सिद्ध होत नव्हतं, आणि ती बाई खरीही असू शकत होती. तो क्लेम गेला, जायलाच हवा होता. तेव्हापासून वहिनी आधी पदर उलगडून दोन्ही बाजू दाखवतात, मग दोन्ही काठ, मग क्रमांकाचा टॅग काठाला ओवतात, आणि शेवटी पिशवीवरचं लेबल व वजनाचा काटा एकाच दृश्यात घेतात. कट न करता, दीड मिनिटात. परत आलेली पिशवीही तशीच. आधी लेबल, मग वजन, मग कात्री. दुसरीच साडी भरून पाठवलेली असेल तर वजनातला फरक बोलतो, तिथे फारसा वाद उरत नाही.

काही जण तिसराच रस्ता काढतात. गिऱ्हाइकाचा नंबर मिळवून यूपीआयने थोडे पैसे पाठवायचे आणि परतावा मागे घ्यायला लावायचं. इंदूरच्या बाजारात हे सर्रास चालतं. मी ते सुचवणार नाही. मार्केटप्लेसच्या नियमात ते बहुधा बसत नाहीच, शिवाय हिशोबात गाठ पडते. मार्केटप्लेस जीएसटीसाठी जे जीएसटीआर-8 विवरणपत्र भरतं त्यात विक्री पूर्ण रकमेची राहते, आणि आपल्या पैशांतून ते आधीच कापून घेतात तो कर, म्हणजे टीसीएसही, तिच्यावरच कापला जातो. आपण दिलेली सूट मात्र कुठेच दिसत नाही. रीतसर परतावा झाला तर क्रेडिट नोट, म्हणजे विक्रीची रक्कम कमी करणारा कागद, काढता येते, आणि आर्थिक वर्ष संपल्यावरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत ती रिटर्नमध्ये दाखवता येते. आमच्या सीए ताईंनी एकदा हे विस्कटलेलं जुळवायला अख्खा रविवार घालवला.

मग तुम्ही काय करावं? तीनशे-चारशेच्या कुर्त्या, कव्हरं, एकसारखा कारखान्यातला माल विकत असाल, तर माझी रीत तुम्हाला परवडेल असं वाटत नाही. एक लिस्टिंग गेलं तर तुम्ही दुसरं उभं कराल, आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ रोजच्या शंभर पार्सलांना जमणारही नाही. तुम्ही देऊन मोकळे व्हा, फक्त 'अस्सल नाही' हे एक कारण आलं तर तेवढ्यावर आक्षेप नोंदवा. पण हाताने केलेलं काही विकत असाल, ज्याच्यामागे एखादं घर आहे आणि ज्याचं नाव हीच त्याची किंमत आहे, तर माझ्या मते लढवलेलं बरं. सुरुवातीचे दोन-तीन महिने जीव नकोसा होतो. मग हाताला सवय लागते.

आमचं ते लिस्टिंग संक्रांतीनंतर परत सुरू झालं. दिवाळी गेली ती गेलीच. चाचांच्या मागावर तीच किनार आहे, आणि आमच्या पुढच्या खोलीत जेल रोडवरून आणलेला मोबाइलचा स्टँड टेबलाला कायमचा आवळून ठेवला आहे.