'सगळं कस्टम कोडिंग' म्हणून वेबसाईट विकणाऱ्यांपासून सावध रहा

कोल्हापुरात दुकानासाठी ऑनलाईन स्टोअर करून घेणार असाल आणि समोरचा 'आम्ही रेडीमेड काय वापरत नाही, स्क्रॅचपासून कोड लिहितो' म्हणत असेल तर अॅडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा.

मामांचं चप्पल लाईनीला दुकान आहे. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ऑनलाईन विकायचं होतंच. ओळखीतनं एकजण आला, डेमो असला नादखुळा दाखवला की मामा गारच. त्याचं म्हणणं, शॉपिफाय, म्हणजे तयार ऑनलाईन दुकान देणारी कंपनी, घेतलं की दर महिन्याला भाडं, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत दुकान, आमच्यात एकदाच पैसे आणि कोड कायमचा तुमचा. ऐकायला बरोबरच वाटतंय की. पावणेदोन लाखाला ठरलं.

मग बिलं वाढायला लागली. चपलेला साईज निवडायची सोय पाहिजे म्हटलं तर 'साईज मॉड्यूल' पंचवीस हजार, दिवाळीला कूपन द्यायचंय म्हटलं तर 'कूपन सिस्टिम डेव्हलपमेंट' वेगळे. मामांना एकच गोष्ट खरी पाहिजे होती, गिऱ्हाइकानं कागदावर पाय ठेवून पेनानं आखायचं आणि त्याचा फोटो ऑर्डरसोबत पाठवायचा, कारण कापशी चप्पल मापात बसली नाही तर परत येत्या. ते मात्र 'पुढच्या फेजला करू'.

काही महिन्यांनी गिऱ्हाइकांचे फोन, गुगलवरनं तुमची साईट उघडली की सट्ट्याचं पान येतंय. दुकानातल्या कॉम्प्युटरवर थेट पत्ता टाकला की एकदम व्यवस्थित. साईट करणारा म्हणतोय गिऱ्हाइकाच्या मोबाईलात व्हायरस आहे. शेवटी माझ्या मित्राला बसवलं, त्यानं साईट उघडून फक्त कंट्रोल आणि यू दाबलं, म्हणजे पानामागचा कोड दिसतोय, आणि ओळीओळीला डब्ल्यूपी-कंटेंट, वूकॉमर्स. म्हणजे वर्डप्रेस, साईट बनवायचं रेडीमेड सॉफ्टवेअर, आणि वूकॉमर्स म्हणजे त्यावर दुकान चालवायची जोडणी! दोन्ही फुकट मिळतंय, साईजचे पर्याय आणि कूपन वूकॉमर्समध्ये आधीपासूनच असतंय, टिक मारून चालू करायचं. वर थीम, म्हणजे साईटचं रूप, विकतची पण लायसन्स नाही, नल्ड, म्हणजे कुणीतरी फोडून वाटलेली. असल्यात बऱ्याचदा बॅकडोर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, घातलेला असतोय, सट्ट्याचं पान तिथनंच, आणि ते फक्त मोबाईलवर गुगलमधनं येणाऱ्यालाच दाखवायचं म्हणजे मालकाला पत्ता लागत नाही.

वूकॉमर्स वाईट अजिबात नाही हां, जगभरात लाखो दुकानं त्यावर माल विकत्यात. सेटअप करायचे पैसे घ्या की, नाही कोण म्हणतंय. पण फुकटचं मॉड्यूल 'आम्ही लिहिलं' म्हणून विकायचं ही चोरी झाली.

जाब विचारला तर त्यानं खरा हुकमी पत्ता काढला, डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, त्याच्या नावावर, होस्टिंग, म्हणजे साईट ठेवलेली जागा, त्याच्या खात्यावर. ट्रान्सफर पाहिजे तर अजून चाळीस हजार. पेमेंट गेटवेचं केवायसी तेवढं मामांनी स्वतःच्या पॅन आणि बँक खात्यावर केलं होतं म्हणून ऑर्डरचे पैसे तरी वाचले.

डॉट इन डोमेनचा वाद निक्सी, म्हणजे डॉट इन नावं सांभाळणारी संस्था, तिच्या आयएनडीआरपी या वाद सोडवायच्या नियमांखाली नेता येतोय, पण त्यात नावावर आपला हक्क दाखवावा लागतो आणि दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क केलेला नाही. वकील म्हणाले ग्राहक कोर्टात तो 'व्यापारासाठी घेतलेली सेवा' म्हणणार, आपण स्वतःच्या पोटापाण्याचा धंदा आहे म्हणून भांडायचं. नोटीस गेलीय.

तुम्ही करणार असाल तर डोमेन स्वतःच्या ईमेलवरनं, स्वतःच्या कार्डानं घ्या, आणि त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाची साईट उघडून कंट्रोल यू दाबा, त्याच्यासमोरच. आणि कस्टम पाहिजेच असेल तर नेमकं काय कस्टम ते कागदावर लिहून घ्या. आमचं ते पायाच्या फोटोचं काम मित्रानं नव्या साईटवर तयार प्लगिन (जोडायचा सॉफ्टवेअरचा तुकडा) टाकून एका दुपारी करून दिलं.

जुन्या नावाचे बॉक्स मात्र छापून पडलेत, मामी त्यावर नव्या पत्त्याचे स्टिकर चिकटवतीय आणि दर बॉक्समागं त्या पोराला एक शिवी हासडतीय.